दादा आले

तुमसरच्या बाजारात रत्नमालाचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, भाडेपत्र, लग्नाचे बायोडाटे. यंदा मात्र दिवसभर तिच्या कानात हेडफोन असतो आणि हेडफोनात विधवा बायकांचे आवाज. नागपूरच्या रिता मॅडम नक्षली हिंसेचा अभ्यास करतात. त्यांनी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ही लिहून देते. इकडची बोली मॅडमना अर्धीच कळते.

"कानातले भूतं काढ वं, चा थंडा झाला!" शेजारच्या पानठेल्यावरून भय्याजी ओरडतात. ती हसते. काढत मात्र नाही.

बालाघाटच्या जंगलातलं गाव सोडून बपेऱ्याला आलेली धुरपताबाई रेकॉर्डिंगमध्ये सांगत होती, "दादा आले. 'दार उघड' म्हणाले. मंग मालकाले घेऊन गेले." जंगलपट्टीत दादा म्हणजे नक्षलवादी, हे शेंबडं पोरही सांगेल. रत्नमालानं तसंच लिहिलं.

लिहिलेलं त्या त्या बाईला वाचून दाखवायचा नियम होता, म्हणून ती बपेऱ्याला गेली. 'नक्षलवादी आले, दार उघड म्हणाले' इथवर ऐकलं आणि तांदूळ पाखडणारे धुरपताबाईचे हात थांबले.

"थे मांगं होते वं, बंदुका घेऊन. दादा म्हंजे माहे मोठे भाऊ. त्यायनं दादाले पुढं केलं होतं. परक्याच्या आवाजाले मी कायले दार उघडलं असतं?"

रत्नमालाला पुढचं वाचवेना. "मंग दुरुस्त करू का, मावशी?"

"नोको!" सूप खाली आपटलं. "नाव बदललं तरी गाव वळखन. दादाले तिथं कोणी उभं करन का? दरसाल भाऊबीजेले येतेत. पाटावर बसतेत, मान वर करत नाहीत. मी ओवाळतो. आमी दोघं आजवर त्याच्यावर बोललो नाही. तुहा कागद बोलन का आता?"

परतताना बसमध्येच मॅडमचा फोन आला. "दादा म्हणजे नक्षलवादीच ना गं? या एका मुलाखतीवर माझं अख्खं प्रकरण उभं आहे."

"हो मॅडम," रत्नमाला म्हणाली. "नक्षलवादीच."

घरी येऊन हातपाय धुते न धुते तोच दार वाजलं.

"ताई, उघड नं वं! हात दुखून राह्यले, तांदूळ हाय संगं."

धाकटा भाऊ, जीवन. आवाज त्याचाच होता. रत्नमालाचा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला.

"तुह्या मांगं कोण हाय रे?" तिनं आतूनच विचारलं.