मनुबाईच्या गळ्यावरचा नाग

पाचगणीच्या एका बंगल्यात काळ्या-पांढऱ्या जमान्यात भुताचे तीन सिनेमे निघाले होते. हिरॉईन झोपलीय आणि जिवंत नाग तिच्या गळ्यावरून सरपटत जातोय, हा प्रसंग तिन्हींत होता. थेटरं भरायची ती त्याच्यावर. गळा मात्र हिरॉईनचा नव्हताच. तो होता मनुबाईचा, बोर्डिंगातल्या पोरांचे कपडे धुणाऱ्या बाईचा. तिचं तोंड काही पडद्यावर आलं नाही. "त्यो गळा माजाच हाय," असं ती म्हणाली की अख्खी आळी फिदीफिदी हसायची. तिला ते फार लागायचं.

शहात्तर साली तेच सिनेमे रंगीत करून नव्यानं काढायचं ठरलं. नवी हिरॉईन नखऱ्यात सगळ्यांच्या वरताण. नाग असेल त्या खोलीत पाऊल टाकणार नाही म्हणाली. तेव्हा डायरेक्टरनं ठरवलं, नागाखाली मोलकरीण झोपलेली दाखवायची, आणि ती मनुबाईच, तोंडासकट. बाईचे पाय जमिनीवर ठरेनात.

मी सिनेमा कंपनीचा मॅनेजर, मूळचा सांगलीकडचा. पूर्वीसारखाच शिराळ्याहून नाग पकडणाऱ्या कोंडीबाला नागासह घेऊन आलो. लाईट लागले, मनुबाई खाटेवर आडवी झाली. डायरेक्टरनं सहज विचारलं, "याचे दात काढलेत ना?"

कोंडीबा भडकलाच. "दात? आवं, देव हाय त्यो! आमच्या बायका भाऊ मानून उपास धरत्यात त्याचा. मला गारुडी समजलासा व्हय?"

"मग आधीच्या सिनेमांत?"

"तवाबी हुतंच की दात. मनुआक्का जरा म्हणून हालायच्या न्हाईत. म्हून तर दर डावाला मी त्यांच्या पाया पडायचो."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. गारुड्याच्या नागाला दात नसतात, म्हणून आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. तीन सिनेमे आणि देव जाणे किती रिटेक! आणि मी शेजारी बसून चहा ढोसत होतो.

डायरेक्टर पांढराफटक पडला. रबरी नाग आणा म्हणाला. रबरी म्हटल्यावर हिरॉईन लगेच खाटेवर झोपायला तयार. मनुबाईला उठवलं.

ती थरथरत होती. घाबरली असेल म्हणून मी धरायला गेलो, तर माझा हात झटकून ती कोंडीबाच्या अंगावर धावली.

"मुडद्या, तीन सिनेमं गप बसलास! आज आनखी घटकाभर गप बसायला काय झालं हुतं रं तुला?"