मीठ बराबर होतं

हैदराबादला बंजारा हिल्सवरच्या ज्या नव्या बंगल्यात मी शिकवणीला जायचो, तिथल्या स्विमिंग पूलचं पाणी हिरवं पडलं होतं. मिठापासून क्लोरीन बनवणारं परदेशी यंत्र ‘मीठ कमी’ दाखवत होतं. "आज नहीं हुआ तो कल से मत आना," मालक मेकॅनिकला म्हणाले.

पन्नाशीच्या त्या माणसानं ओंजळभर पाणी चाखलं आणि बाजूला थुंकून टाकलं. "नमक बराबर है साब. पट्टियों पे चूना जम गया, मशीन को दिखताच नै."

त्यानं यंत्रातल्या धातूच्या पट्ट्या काढून पातळ ॲसिडात धुतल्या. तासाभरात यंत्र सुरळीत चालू लागलं.

"आखिर इंपोर्टेड चीज है," मालक खुशीत म्हणाले. मी तावातावानं पुढे सरकलो, तर मेकॅनिकनं माझा दंड धरला.

"गुस्सा तुमारा है मास्टर, नौकरी मेरी," तो हळूच म्हणाला.

मी गप्प बसलो. त्या एका गप्प बसण्याची मला अजून लाज वाटलेली नाही.