लेकराला जागा करून देणाऱ्या वत्सलाताई

रिठदच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी तिथल्या ज्येष्ठ नर्स वत्सलाताई मला जमिनीवर दिसल्या. हात-गुडघे टेकून त्या ओल्या फडक्याने फरशी पुसत होत्या आणि त्यांच्यामागे दोन गरोदर बायका तशाच ओणव्या होऊन पुसत होत्या. ताई मान वळवून म्हणाल्या, "उभी काहून? फडकं घे." नुकतेच शिक्षण संपवून आलेल्या मला त्याचा चांगलाच राग आला.

ती साफसफाई नव्हती, हे पुढे उमगले. पोटातल्या बाळाने डोके खाली करून नीट बसावे, म्हणून ताई बायकांना असे ओणवे व्हायला, मांडी घालून ताठ बसायला, सकाळी शेतरस्त्याने चालायला आणि सावकाश श्वास घ्यायला लावत. "याच्यानं लेकरू फिरतेच, असं मी म्हणत नाई," हेही त्या प्रत्येकीला बजावत. "जागा करून देणं आपल्या हाती. फिराचं का नाई, ते लेकराच्या मनावर." नवव्या महिन्यात डोके वरच असले, तर मात्र त्या कुणाचे ऐकत नसत. तालुक्याच्या दवाखान्यात रवानगी ठरलेली.

पोट चोळून बाळ फिरवण्याची आपल्याकडची रीत त्यांना मुळीच खपत नसे. एकदा एक सासूबाई हट्टाला पेटल्या, "तुमी चोळा, नाई तं मी चोळतो." ताईंनी सासूबाईंनाच सुनेशेजारी ओणवे केले. "तुमीबी करा, कंबर मोकळी होते." सासूबाई खूप कुरकुरल्या, पण महिनाभर सुनेच्या आधी हजर होत्या.

एवढे सगळे पाहूनही माझ्या पहिल्या बाळंतपणात मी अक्कल गहाण ठेवली. दिवस भरत आले तरी बाळ डोके वर करूनच बसलेले. दुसऱ्यांना शिकवणाऱ्या नर्सचेच लेकरू फिरत नाही, लोक काय म्हणतील, या लाजेपोटी मी तपासणी चुकवली आणि पोट चोळणाऱ्या एका म्हातारीला चोरून घरी बोलावले. ती तेलाची वाटी घेऊन बसली, तोच ताई दारात उभ्या. मी तपासणीला आले नाही, म्हणून त्या पायी आल्या होत्या.

त्या रागावल्या नाहीत. म्हातारीला त्यांनी चहा पाजून परत पाठवले आणि माझा हात हातात घेतला. "रडून कायले राह्यली व? तू जागा करून देली ना? मंग त्याले तसंच बसाचं असन. चाल, ऑटो आणतो."

त्याच दुपारी ऑपरेशन होऊन मला मुलगी झाली, तीही पायाकडूनच. तिच्या मानेभोवती नाळेचा वेढा होता. त्या सकाळी पोट चोळले गेले असते तर, हा विचार मला आजही पुरा करवत नाही. ताईंनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. आज या गौरवग्रंथात मीच सांगते आहे.

पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाचा पाय लागला की दुखरी कंबर बरी होते, असे आपल्याकडे मानतात. जन्मभर अशा समजुतींशी भांडलेल्या ताई आता पंचाहत्तराव्या वर्षी माझ्या लेकीला हाक मारतात, "ये व पायाळू, कंबरेवर पाय दे." ज्या गोष्टीची मला एवढी लाज वाटली होती, तिचा त्यांनी असा लाड केला.

ताई शंभरी पार करोत आणि ठणठणीत राहोत. कंबर दुखलीच, तर आमची पायाळू हाकेच्या अंतरावर आहे.