मरून राह्यला

गारांच्या माऱ्यात एक माणूस ओरडून दोन शब्द बोलला होता. ते दोन शब्द माझ्या कानातून अजून गेलेले नाहीत.

तेव्हा मी गडचिरोलीत, पहाडाच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्यात फौजदार होतो. मूळचा वडशाचा. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी पात्रं करत मोठा झालेला, त्यामुळे नकला करायची खोड वर्दीतही सुटली नाही. नवीन साहेब आला की आठवड्याभरात त्याचा आवाज माझ्या गळ्यात बसायचा. तेव्हाचे ठाणेदार साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस सरळ, कामाचा पक्का. त्यांची नक्कल मी फक्त मेसमध्ये करायचो, तीही दार लावून.

मोहफुलाचे दिवस होते. सकाळपासून अंग भाजत होतं आणि दुपारी एकदम आभाळ काळं झालं. वारा सुटला, गारा कोसळायला लागल्या. त्यातच ठाण्याचा फोन वाजला. ठाणेदारांनीच उचलला. पलीकडून कोणीतरी धापा टाकत बोलला, "साहेब, पहाडावर शहरातला मानूस मरून राह्यला!" आणि लाईन तुटली. "पहाडावर शहरातला एक जण मेलाय," साहेबांनी आम्हाला सांगितलं.

हा शहरातला माणूस कोण, ते लगेच लक्षात आलं. आदल्या दिवशी एक तरुण ठाण्यात येऊन गेला होता. पाठीवर भली मोठी बॅग. एकटाच पहाड चढणार म्हणाला. मी त्याला म्हटलं, "भाऊ, इथलं आभाळ कधी फिरेल, भरवसा नाई. गावातला कोणी सोबत घे." तो हसला. "साहेब, एकटं चालायलाच तर आलोय."

थोड्या वेळाने आमच्या जवानांना तीच बॅग घेऊन पळत येणारा एक माणूस रस्त्यावर सापडला. जंगलातल्या गावचा, मोहफूल वेचणारा. अनवाणी, ओलाचिंब. वाटेतल्या गावातून फोन त्यानेच केला होता. बॅगेला रक्त लागलेलं. ठाणेदारांनी त्याला समोर बसवला.

"मारलास त्याला?"

"नाई जी. दगडावरून घसरला तो."

"मग बॅग तुझ्याकडे कशी?"

"त्यानंच देल्ली."

"मेलेला माणूस बॅग देतो होय रे?"

तो गोंधळला. घरी गोंडी बोलणारा, मराठी बाजारात शिकलेला. "मरून राह्यला जी, चला ना जल्दी," एवढंच परत परत. साहेबांचा आवाज चढत गेला तसा तो गप्प होत गेला. नोकरीत एक गोष्ट मी पाहिली आहे. खोटं बोलणाऱ्यावर ओरडलं की तो जास्त बोलतो. खरं बोलणारा मुका होतो.

आमच्या भागात रस्त्यात सुरुंग नाहीत हे तपासल्याशिवाय जंगलात जवानांची पार्टी काढत नाहीत. एका प्रेतासाठी गारपिटीत जवानांचा जीव धोक्यात घालायचा नाही, संशयिताला बसवून ठेवायचं, पंचनामा सकाळी, असं ठाणेदारांनी ठरवलं. प्रेत असतं तर तो निर्णय बरोबरच होता.

मला कंट्रोलला कळवायला सांगितलं. वायरलेसवरच्या हवालदाराने विचारलं, "काय म्हनते साहेब, तो?" मी सवयीने त्या माणसाचा आवाज काढला. खांदे पाडले, मान आत घेतली. "मरून राह्यला जी, चला ना..." हवालदार हसायला लागला. माझं हसू मात्र अर्ध्यातच अडकलं.

ते वाक्य माझ्या तोंडात आलं तेव्हा ते माझ्या घरचं झालं. माझी आई "भात शिजून राह्यला" म्हणायची, तेव्हा भात चुलीवर असायचा. ताटात नाही.

मी आत धावलो. "साहेब, तो मेला नाही. मरतोय! आमच्याकडे मरून राह्यला म्हणजे अजून जीव आहे."

मग त्या माणसाजवळ खाली बसलो. "भाऊ, तू निंगाला तवा तो बोलून राह्यला होता का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच वेडा. "बोलूनच तं राह्यला होता जी! पानी मांगे. टांग तुटली त्याची. म्हने, बॅग ने, नाई तं पोलीस तुह्यावर इस्वास ठेवनार नाई."

ठाणेदारांनी टोपी चढवली. "पार्टी काढा. मी स्वतः येतो."

ठाण्यातली एक खाट उचलली आणि निघालो. वाट दाखवायला तोच पुढे. गारांनी पायवाट पांढरी झालेली, पाय ठरत नव्हता, वीज डोक्यावर कडाडत होती. तो तरुण एका खडकाच्या आडोशाला सापडला. अंगावर ह्या माणसाचा दुपट्टा आणि वर रचलेल्या डहाळ्या. ओठ निळे, डोळे मिटलेले.

पुढे दवाखान्यात त्याचा पाय जोडायला बरेच महिने गेले, पण तो चालला.

जबाब घेताना आम्ही पोलीस माणसाचं बोलणं धुऊन, इस्त्री करून कागदावर ठेवतो. त्या इस्त्रीखाली कधी जिवंत माणूसही मरतो, हे मला ह्या प्रकरणाने शिकवलं. नंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे नव्या पोरांना एकच सांगितलं. माणूस जसा बोलला तसाच लिहा, आणि कळलं नाही तर त्यालाच विचारा.

पण आठवतं ते पहाड उतरतानाचं. खाटेचा पुढचा दांडा त्याच माणसाच्या खांद्यावर होता, ज्याला आम्ही काही तासांपूर्वी खुनी ठरवलं होतं. दर वळणावर तो मान वळवून खाटेवरच्या तोंडाशी कान नेत होता. मागून, पुन्हा सुरू झालेल्या गारांच्या आवाजात, ठाणेदारांनी ओरडून विचारलं, "काय रे, कसा आहे?"

"जगून राह्यला, साहेब!"

ह्या वेळी अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.