मेव्हण्याचं ग्लायडर आणि माझा रेग्युलेटर

व्होल्टेजबद्दल काही विचारायचं असेल तर नागभीडमध्ये कुणाकडे जाल? माझ्याकडेच ना! टीव्ही-फ्रीजचे स्टॅबिलायझर बनवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. आणि नेमकी व्होल्टेजमध्येच मी अशी माती खाल्ली की विचारू नका. पण चहा सांगितलाच आहे, तर ऐका.

मे महिना होता. माझा मेव्हणा प्रशांत नागपूरहून रिमोटचं ग्लायडर घेऊन आला. त्याला इंजिन नसतं. रबरी दोरीने वर सोडायचं आणि वाऱ्यावर तरंगवायचं. हिवाळाभर खपून त्याने ते बनवलं होतं. दोन दिवसांनी नागपुरात स्पर्धा! पोरगा नुसता हवेत होता.

"भाऊजी, याची ब्याटरी लय जड आहे."

बस्स, मला तेवढंच हवं होतं. त्याचे जुने चार सेल काढून मी खिशात टाकले आणि एका मेलेल्या लॅपटॉपमधले लिथियमचे दोन सेल जोडले. हलके अन् दमदार! फक्त त्यांचं व्होल्टेज आठच्या वर, आणि विमानातल्या रिसीव्हरला हवे पाच. मग मध्ये बसवला रेग्युलेटर. पाच पुढे पाठवायचे, वरचे तीन उष्णता करून बाहेर टाकायचे.

"गरम नाई होणार ना जी हे?"

"काऊन होईन? हात लावून पाह्य!"

खरंच थंडगार होता. टेबलावर आम्ही तासभर विमानाची शेपटी हलवली. मीटरवर पाच म्हणजे पाच! मग रेग्युलेटरला धक्का लागू नये म्हणून स्पंजात गुंडाळून विमानाच्या पोटात ठेवला. किती ती माझी काळजी!

दुसऱ्या दिवशी कोरड्या तलावात अर्धं गाव जमलं. ऊन रणरणत होतं. विमान झकास वर गेलं, घारींच्या रांगेत जाऊन बसलं. माझी छाती फुगली.

"भाऊजी, हे ऐकून नाई राह्यलं!" प्रशांत ओरडला.

विमान आपलं गोल गोल फिरतंय. मध्येच ऐकायचं, पुन्हा हट्टाला पेटायचं. शेवटी तलावाच्या बांधावरच्या मोहाच्या झाडात जाऊन अडकलं.

"रिमोट खराब आहे तुहा!" मी सगळ्यांसमोर ठणकावलं. "माह्या सर्किटात चूक निघाली तं दुकानाचा बोर्ड उतरवतो!"

प्रशांतचा चेहरा पडला. रिमोट मित्राचा होता, आणि तो गेला म्हणजे स्पर्धाही गेली.

आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. बायको सुनंदाने बोर्डाचंही ऐकलं होतं. झाडावरून उतरवलेल्या विमानाचं पोट उघडून मी सगळं टेबलावर मांडलं. प्रशांतने रिमोटची दांडी हलवली, शेपटी हलली.

"पाह्यलं? जवळून चालते, दुरून नाई. रिमोटच कमजोर. खोलतो त्याले!"

"नोका खोलू जी, उद्या स्पर्धा आहे!" तो रडकुंडीला आला.

मी पेचकस उचलला आणि लाईट गेली. भारनियमन! पाठीमागचा कूलर घरघरत थांबला.

अरे हो, कूलरचं सांगायचं राहिलंच की! आमच्याकडे मे महिन्यात कामाचं टेबल कुठे असतं? कूलरच्या तोंडापुढे! आदल्या दिवशीची तासभराची परीक्षासुद्धा तिथेच झाली होती.

प्रशांत रिमोटची दांडी हलवतच होता. शेपटी हलली, हलली आणि थांबली. मी रेग्युलेटरला बोट लावलं. आई गं! बोट थेट तोंडात. आणि उडताना तर तो स्पंजात गुंडाळलेला!

सुनंदा मला हातपंख्याने वारा घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं आणि पंखा विमानाकडे वळवला. थोड्या वेळाने रेग्युलेटर निवला आणि शेपटी पुन्हा हलली!

"ताई, उद्या तूच बस विमानात," प्रशांत म्हणाला.

मी मुकाट्याने खिशातले जुने चार सेल काढून त्याच्यापुढे ठेवले.

"झालं?" सुनंदा पंखा हलवत म्हणाली. "आता शिडी आणाची काय, बोर्डासाठी?"