मामाचे पाय

नवऱ्याची बदली परतवाड्याला झाली, तेव्हा मी नगरहून दोन ट्रंका आणि भरपूर संशय घेऊन आले. कोणी गोड बोललं की मला वाटायचं, पाणी कुठंतरी मुरतंय. आणि तिथली माणसं तर गोडही बोलत नसत.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. कपाशीनं पाठोपाठ दगा दिलेला, आणि बाहेरून रोज कोणीतरी यायचं. कोणी वही घेऊन, कोणी कॅमेरा घेऊन, कोणी फुकटचं बियाणं घेऊन. फुकट देणाऱ्याकडे आधी डोळे बारीक करून बघायचं, एवढं लोक त्यातून शिकले होते. अशात मी चर्चच्या व्हरांड्यात दर रविवारी मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायला बसले. फी नाही, वर प्रत्येकाला दोन बिस्किटं! चर्चमधली सहा-सात मुलं आणि मागच्या भाजीवाल्यांच्या वस्तीतली डझनभर. त्यांच्या आया पायरीशी उभ्या राहून माझ्यावर नजर ठेवायच्या.

"फुकट काहून शिकवून रायल्या बाई?" एकीनं विचारलंच.

"तुमचं काही जातंय का?" मी म्हटलं. नम्रतेचे धडे देणाऱ्या बाईचं हे उत्तर!

ईस्टरच्या आधी मी नाटुकलं बसवायला घेतलं. येशू शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला टॉवेल गुंडाळतो, घमेल्यात पाणी घेतो आणि एकेका शिष्याचे पाय धुतो, ती गोष्ट. पेत्र नावाचा शिष्य आधी पाय आखडून घेतो, गुरूनं माझे पाय धुवायचे नाहीत म्हणतो, आणि समजावल्यावर कबूल होतो. मोठ्यानं लहानापुढे वाकायचं, एवढंच मुलांना कळावं, हा माझा हेतू.

येशू केलं वस्तीत नव्यानं आलेल्या मुलाला. दर्यापूरकडच्या खेड्यातला, अकरा वर्षांचा, आवाज खणखणीत. तिकडे घरात खायचे वांधे झाले म्हणून आईनं त्याला इकडे नातेवाइकांकडे ठेवलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. पेत्र केला एका भाजीवालीचा धाकटा मुलगा. बारा वर्षांचा, अंगानं भरलेला, तोंडानं फटकळ. दोघं एकमेकांना नावानं हाका मारत, मारामाऱ्या करत. जोडी मला झकास वाटली.

पहिल्या तालमीत येशू घमेलं घेऊन पेत्रापुढे बसला. पेत्रानं झटक्यात दोन्ही पाय बाकावर ओढून घेतले, चेहरा पांढरा पडला. वा, मी मनात म्हटलं, काय नट आहे! पण कबूल व्हायची जागा आली तरी पाय खाली येईनात.

"अरे, आता सोड पाय."

"नाही."

"का?"

"नाही चालत, बाई. मी याचा हात पायाले लागू नाही देत."

दुसऱ्या तालमीतही तेच. मी बाकीच्या मुलांकडे बघितलं, तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात पेत्राची आई पायरीवरून विचारती झाली, "बाई, कोन कोनाचे पाय धुऊन रायलं?" माझ्या डोक्यात सगळं जुळलं. पाय कोणाचे, हात कोणाचा, हीच ती वरच्या-खालच्याची मोजदाद! पोराला घरून शिकवून पाठवलंय. नाटक मोडायचं, वर्ग बंद पाडायचा.

माझा तोल गेला. "गरिबाच्या, उपाशी घरच्या पोराचा हात लागला तर तुझे पाय झडणार आहेत का?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "असला गर्व माझ्या वर्गात नको. चालता हो."

तो उठला. त्याच्या मागोमाग येशूही टॉवेल सोडून उठला. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी व्हरांड्यात सात मुलं होती, सगळी चर्चमधली. पायरी रिकामी. नाटक आठवड्यावर आलेलं. मला वर्ग गेल्याचं दुःख झालं आणि त्याहून जास्त राग आला. बघा, म्हणत होते ना मी! सोमवारी सकाळी मी तरातरा वस्तीत गेले, त्या भाजीवालीला चार शब्द सुनवायला.

ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. दोघं पोरं शाळेच्या कपड्यांत उभी होती, परीक्षेला निघालेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो माझा गर्विष्ठ पेत्र खाली वाकला आणि त्यानं त्या लहान पोराच्या पायांना हात लावून नमस्कार केला. लहान्यानंही तो सहज घेतला.

मी चार शब्द विसरले. "हा त्याच्या पाया पडतो?"

"मंग?" भाजीवाली म्हणाली. "थो माह्या पोरीचा पोरगा हाये. हा त्याचा मामा. मामा भाश्याच्या पाया पडते, बाई. भाश्याचा हात मामाच्या पायाले लागला त मामाले पाप लागते."

"तो लहान असला तरी?"

"आजचा जन्मला असला तरी." तिनं जुडी खाली ठेवली. "तुमच्याकडं नाही पडत मोठे लहान्याच्या पाया?"

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"आता हे का सांगाची गोष्ट हाये? आमाले वाटलं, शिकेल बाई हाये, तुमाले मालूम असंन."

जे शिकवायला मी घमेली आणि टॉवेल गोळा करत होते, ते या पोरांच्या घरात रोजचं होतं. मला इतकी लाज वाटली की तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. मी मामासमोर उभी राहिले. "माझं चुकलं रे. मी तुला गर्विष्ठ म्हटलं. या रविवारी येशू तू हो, भाच्याचे पाय तू धू. येशील?"

"माहं काही नाही," तो म्हणाला. भाचा पायानं माती उकरत होता. "पन याले तुमी उपाशी घरचा म्हटलं. थे सगळ्यायसमोर म्हटलं. आता वापसबी सगळ्यायसमोर घ्या."

माझं कपाळ तापलं. बारा वर्षांचं पोर, आणि मला अट घालतं! पण त्याचं काय चुकलं, ते शोधूनही सापडेना.

रविवारी मामा सगळ्यांना घेऊन आला. व्हरांडा भरला, पायरीवर आया उभ्या. नाटकाआधी मी पुढे झाले. भाचा पहिल्या रांगेत बसला होता. घरी पाठ केलेलं वाक्य जिभेवर येईना. "मी याला जे बोलले, ते मी बोलायला नको होतं. मला माफ कर, बाळा," मी म्हटलं, आणि मागे वळले.

"बाई," पायरीवरून त्याच्या आजीचा आवाज आला, "जरा मोठ्यानं म्हना. मांगं आयकू नाही आलं."

मी परत फिरले आणि मोठ्यानं म्हटलं.