सुमोवाले चाचा

जुलैच्या भर दुपारी आखातातल्या अझैबा भागातल्या आमच्या फ्लॅटचा एसी बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या रत्नागिरीकडच्या चाचांनी शिडी लावली आणि मोबाइल सोफ्याला टेकवून जपानची सुमो कुस्ती सुरू केली. दोन अवाढव्य पैलवान मीठ उधळून एकमेकांना नुसते न्याहाळत होते. चाचाही एसीला तसेच न्याहाळत होते. मी घामाने निथळत होते.

"शेकडो वर्षांची परंपरा आहे, ताई," चाचा म्हणाले. "देवासमोरची कुस्ती. घाई चालत नाही."

"परंपरा कसली! त्या आखाड्यात बाईने पाय ठेवलेला चालत नाही. माती विटाळते का? बहिष्कारच टाकायला हवा!" मी भाषण ठोकलं.

चाचांनी ते शांतपणे ऐकलं. "अन्याय आहे," म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "इथे बंदी नाही. चढा वर."

आता माघार कशी घेणार? मी चढले. चाचा सोफ्यावरून सूचना देत होते आणि फिल्टरची धूळ माझ्या केसांत पडत होती. समतेची लढाई इतक्या लवकर मी कधी जिंकले नव्हते, आणि जिंकून अंगाला इतकी खाजही सुटली नव्हती. अखेर गार वारा तोंडावर आला.

"कोण जिंकलं?" राहवेना म्हणून मी वरूनच ओरडले.

"कुस्ती थांबवून ठेवलीय. तुम्ही उतरा, मग बघू."